बास गिटारची नेक (दांडी) वाकली आहे, सरळ होईल का?

खर्जातला
नमस्कार मंडळी. कॉलेजात असताना ऑर्केस्ट्रात वाजवायचो ती चार तारांची बास गिटार परवा पोटमाळ्यावरून खाली काढली. सहा वर्षं पडून होती. डोंबिवलीत, म्हणजे सहा पावसाळे. तारा चढवलेल्याच होत्या, उतरवायचं कधी सुचलंच नाही.

आता बाराव्या फ्रेटवर (पडद्यावर) जाडी तार जवळजवळ ५ मिमी वर आहे. पूर्वी अडीचच्या आसपास असायची. हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) एक डोळा मिटून पाहिलं तर नेकला चक्क पोक आलाय, मध्ये खड्डा आणि टोकं वर. दोन फ्रेट दाबले की मनगट बोंबलतं.

आत ट्रस रॉड असतो आणि तो फिरवून नेक सरळ होते, एवढी ऐकीव माहिती आहे. हेडस्टॉकवरचं झाकण काढून अ‍ॅलन की घातली, पण नट ढिम्म हलत नाही. अजून जोर लावू का? की हे लाकूड कामातून गेलं? नवीन घ्यायचं बजेट नाही आणि हिच्यावर जीवही आहे.

पावशेर
नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं. वाजवता येईना नेक वाकडी हे आज पहिल्यांदा ऐकलं. (दिवे घ्या!)

चौथी_तार
थांबा! जोर अजिबात लावू नका. की बाजूला ठेवा आणि हे वाचा.

नेकच्या पोटात पोलादी सळई असते. बासच्या चार तारा (इंचाच्या हजाराव्या भागात ४५ ते १०५ जाडीचा नेहमीचा सेट) सुरात लावल्या की मिळून सुमारे ८० किलोचा ताण पडतो. तारा नेकला पुढे ओढतात, सळई मागे ओढते. या रस्सीखेचीत तारा जिंकल्या की तुमच्यासारखा पोक येतो. नटाकडे तोंड करून घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सळई आवळते आणि पोक कमी होतो, उलट फिरवलं की ढिली होते आणि पोक वाढतो.

नेक अगदी काटेकोर सरळ मात्र करायची नसते. तार मध्यभागी सगळ्यात जास्त थरथरते, तिला जागा लागते. म्हणून किंचित बाक हवाच, आठव्या फ्रेटपाशी साधारण ०.३ मिमी. मोजायची पद्धत अशी: गिटार सुरात, पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), नेक जिथे बॉडीला मिळते तिथला फ्रेट बोटाने दाबायचा, आणि आठव्या फ्रेटचा माथा ते तारेची खालची बाजू यातली फट बघायची. तार हीच तुमची पट्टी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड सरकवून अंदाज घ्या.

आधी आकडा सांगा. डोळा मिटून बघितलेलं फक्त "काहीतरी बिनसलंय" इतकंच सांगतं.

आणि की कोणत्या मापाची घातलीत? ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी. तिथे ५ ची की जात नाही आणि ४.५ ची सैल बसते. सैल कीने जोर लावलात तर नटाचे कोपरे गोल होतील, मग देवही वाचवणार नाही.

काथ्याकूट
अवांतर: ते "बास" नसून "बेस" आहे. इंग्रजीत उच्चार बेसच होतो. मराठीत बास म्हणजे पुरे.

पावशेर
म्हणूनच ऑर्केस्ट्रात तो वाजायला लागला की लोक "बास!" म्हणतात.

खर्जातला
@काथ्याकूट, आमच्या ऑर्केस्ट्रात सगळे बासच म्हणायचे. "बेस" म्हटलं की साउंडवाला अ‍ॅम्प्लिफायरचं बटण फिरवायचा.

@चौथी_तार, खूप आभार. की कोणती होती ते आता बघितलं, ४.५ मिमी. गप्प बसतो.

रंधा_पटाशी
चाळीस वर्षं लाकडात काढली आहेत, गिटारीतलं काही कळत नाही. पण लाकूड कळतं.

घरातली पुस्तकांची फळी आठवा. दिवाळी अंक खच्चून भरले की पहिल्या वर्षी काही दिसत नाही, पाचव्या वर्षी फळी मधोमध बसलेली असते. आणि अंक काढून घेतले तरी पूर्ण सरळ होत नाही. सतत भार राहिला की लाकूड तो आकार धरतं. तुमच्या तारा सहा वर्षं तेच करत होत्या.

तुम्ही सगळे वाकडेपणाला एकच शब्द वापरताय. आमच्यात वेगळे प्रकार आहेत. बाक म्हणजे लांबीत धनुष्यासारखं वाकणं. पीळ म्हणजे फळीचं एक टोक एकीकडे, दुसरं दुसरीकडे फिरणं. बाक निघतो. पीळ निघणं महाकठीण, कारण सळई मधून सरळ गेलेली असते, तिला फिरवाफिरव करता येत नाही. तेव्हा आधी पीळ नाही ना ते बघा. दोन सरळ पट्ट्या घ्या, एक पहिल्या पडद्यावर आणि एक शेवटच्या पडद्यावर आडवी ठेवा आणि टोकाकडून बघा. दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या तर तुम्ही नशीबवान.

पावशेर
सुंभ जळला तरी पीळ जात नाही, याचं शास्त्रीय स्पष्टीकरण प्रथमच वाचलं.

मिरजेचा_भाचा
माझ्या मामांच्या घरी सतारी बनतात, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो. सतारीच्या दांडीत सळई वगैरे काही नसते. दांडी तुणीच्या किंवा सागाच्या लाकडाची, आतून पोकळ. मामांचं सगळं लक्ष लाकूड किती वर्षं मुरलंय यावर. ओल्या लाकडाची सतार म्हणजे पुढच्या वर्षी परत येणारं गिऱ्हाईक, असं ते म्हणतात. शिवाय पडदे दोऱ्याने बांधलेले, थोडं सरकवता येतात. गिटारचे फ्रेट ठोकलेले, तिथे पळवाट नाही.

मजा अशी की तुम्ही लोक तार पडद्याला घासून झणझणली की हैराण होता. आमच्याकडे तंबोऱ्याची जवारी काढायला कारागीर तासन् तास घोडी घासतो, तार नेमकी किती आणि कशी झणझणावी यासाठी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या झणझणाटाचा वाटा मोठा आहे.

वायसर
म्हणजे खर्जातल्याने गिटार मिरजेला पाठवावी, बास-तंबोरा करून मिळेल.

दूरदेशी
मी मिनियापोलिसला असतो. इथे हिवाळ्यात हीटिंग चालू झालं की घरातली हवा खडखडीत कोरडी होते. माझी नेक दर डिसेंबरात मागच्या बाजूला झुकते, म्हणजे उलटा बाक. पहिल्या तीन-चार फ्रेटवर तार खडखडायला लागते. मे महिन्यात दमट झालं की परत पुढे येते. वर्षातून दोनदा ट्रस रॉड फिरवतो, टायर बदलल्यासारखं. तर हवामान हेच कारण असणार, सहा पावसाळे काही थोडे नाहीत.

मडगांवकार
पात्रांव, जोर लावूं नाका! गोव्यात हे रोजचं आहे. आमच्या बँडच्या दोन बास आहेत, एकाच खोलीत, एकाच हवेत. पावसात एक पुढे येते, दुसरी मागे जाते. @दूरदेशी म्हणतात तसा एकच नियम नाही. फिंगरबोर्ड शिसवीचा, मागचा भाग मेपलचा, दोन्ही लाकडं ओल वेगवेगळी पितात, शिवाय रेषा कशा गेल्यात त्यावर असतं. मी दोन्ही केसमध्ये वही ठेवली आहे. तारीख, आठव्या फ्रेटची फट, किती फिरवलं. तीन वर्षांत आपल्या वाद्याचा स्वभाव कळतो.

सिलिका जेलच्या पुड्या केसमध्ये ठेवा, पण महिन्याने गरम करून सुकवा, नाहीतर त्याच ओल धरून बसतात.

वैदर्भी_मिरची
नागपुरात ओल हा विषयच नाही, पण एक सांगते. मे महिन्यात गिटार गाडीच्या डिकीत ठेवून लग्नाला जाऊ नका. माझ्या भावाच्या अकूस्टिकचा फिंगरबोर्ड कडेने उचकटला. उन्हात डिंक मऊ पडतो.

जुनं_ते_सोनं
माझं मत वेगळं आहे. सगळ्यांना आता तार फ्रेटला चिकटलेली हवी, लोण्यासारखी. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांमागची बास ज्याची आहे तो जेम्स जेमर्सन, त्याच्या १९६२ च्या प्रिसिजन बासची नेक इतकी वाकली होती की दुसऱ्याला वाजवताच येत नसे, असं सांगतात. तारा तो क्वचितच बदलायचा. ती अवघड अ‍ॅक्शनच (तारांची फ्रेटपासूनची उंची) त्याला हवी होती, आवाज त्यातून येतो अशी त्याची समजूत. १९८३ मध्ये तो जाण्याच्या काही दिवस आधी ती बास चोरीला गेली. खर्जातले, आहे तशी वाजवा. बोटं तयार होतील.

चौथी_तार
@जुनं_ते_सोनं, जेमर्सन एकाच बोटाने ते सगळं वाजवायचा हेही सांगा की. तेही आपण सगळ्यांनी करावं का? उंच अ‍ॅक्शन आवडणं वेगळं आणि नेक वाकलेली असणं वेगळं. उंच हवी असेल तर ब्रिजवरचे सॅडल (तारा ज्यावर टेकतात ते तुकडे) वर करा. वाकलेल्या नेकवर सूरही लागत नाही, बाराव्यानंतर प्रत्येक स्वर वर चढतो, कारण तार दाबताना ती जास्त ताणली जाते.

जुनं_ते_सोनं
मुद्दा मान्य. पण लोणीही नको.

आटे_गेले
माझं आयडी नीट बघा, मग माझी गोष्ट वाचा.

२०१७ साली माझी पाच तारांची बास सेटिंगसाठी एका दुकानात दिली. कुठलं ते विचारू नका, सांगणार नाही. तिथल्या माणसाने तारा पूर्ण ताणलेल्या असताना, एका बैठकीत, नट दीड आटा आवळला. मी समोर उभा. "कट्" असा आवाज आला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग तो म्हणाला, "लाकूड सेट होतंय."

लाकूड सेट होत नव्हतं, सळईचे आटे गेले होते. फिंगरबोर्ड उचकटून नवीन सळई घालायचा खर्च गिटारच्या किमतीएवढा. ती आता भिंतीवर आहे, शोभेला.

त्यामुळे तीन गोष्टी. एका वेळी पाव आटा, जास्त नाही. फिरवण्याआधी तारा सैल. आणि फिरवून झाल्यावर सुरात लावून एक रात्र सोडा, मगच पुन्हा मोजा.

पावशेर
पाव, आटा... भूक लागली बुवा.

वायसर
@आटे_गेले यांच्या "तारा सैल"शी सहमत नाही. पाव आट्याला कशाला? तारा ताणात असताना फिरवलं की फरक लगेच दिसतो. मी पंधरा वर्षं असंच करतोय.

आटे_गेले
पंधरा वर्षं तुमचा नट सुरळीत फिरतोय म्हणून. खर्जातल्याचा अडकलाय. अडकलेल्या नटावर ८० किलोच्या विरुद्ध जोर लावणं आणि सुरळीत नटाला पाव आटा देणं यात फरक आहे की नाही?

वायसर
आहे. अडकलेल्यासाठी तुमचं बरोबर. सुरळीतसाठी माझं.

चौथी_तार
मी बास असेल तर दोन जाड्या तारा तरी सैल करते. वाद मिटला असं समजते.

खर्जातला
मंडळी, आकडे आणले आहेत.

खालच्या स्कूटर गॅरेजातून टॅपेट सेट करायचं फीलर गेज मागून आणलं. मेकॅनिकने विचारलं कोणती गाडी, मी म्हणालो गिटार. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती सांगत नाही.

आठव्या फ्रेटवर फट १.६ मिमी! एवढी जाड पातीच नव्हती, १.० आणि ०.६ अशा दोन एकत्र सरकवाव्या लागल्या. पट्ट्या ठेवून पीळ बघितला, दोन्ही समांतर. @रंधा_पटाशी काका, नशीबवान आहे.

एक कळत नाही. बाक ०.३ ऐवजी १.६, म्हणजे १.३ मिमी जास्त. मग बाराव्यावर तार अडीच मिलिमीटरने कशी वर गेली? सॅडलला कोणी हात लावलेला नाही.

त्रैराशिक
बाक पसरट धरला तर सोपं आहे. नेकचं खालचं टोक बॉडीला घट्ट आहे. मध्ये बाक आला की वरचं टोक बाकाच्या साधारण चौपट उचललं जातं. तार तिथून ब्रिजपर्यंत सरळ जाते आणि बारावा फ्रेट बरोबर तारेच्या मध्यावर, म्हणजे तिथे तार दुपटीने उचलली जाणार. त्यातून त्या जागी नेक स्वतः थोडी वर आलेली असते ती वजा. एक मिमी बाकाला जवळजवळ १.९ मिमी उंची. १.३ ला अडीच. म्हणजे तुमची पूर्ण उंची बाकातूनच आलीय. बाक काढलात की अ‍ॅक्शन आपोआप जागेवर येईल, सॅडलला हात लावू नका.

काथ्याकूट
बेस असला तरी गणित छान आहे.

रंधा_पटाशी
पीळ नाही हे ऐकून बरं वाटलं. आता माझी पद्धत सांगतो, गिटारवाल्यांनी चूक असेल तर सांगावं.

सळईने लाकूड ओढायचं नाही. लाकूड आपण सरळ करायचं आणि सळईने ते फक्त धरून ठेवायचं. तारा काढा. अ‍ॅल्युमिनियमचा सरळ चौकोनी पाइप घ्या, नेकएवढा लांब. तो पडद्यांवर ठेवा, पण पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर लाकडाचे छोटे तुकडे घालून, म्हणजे मध्ये फट राहील. मग मधोमध सी-क्लॅम्प लावा, नेकच्या पाठीला चामड्याचा तुकडा. हळूहळू आवळा, नेक पाइपकडे उचलली जाईल. सरळ झाली की अगदी केसभर पुढे घ्या आणि मग नट फिरवा. तेव्हा तो हलका लागेल.

चौथी_तार
काका, अजिबात चूक नाही. दुरुस्ती करणारे हेच करतात.

खर्जातले, त्याआधी एक: तुमचा रॉड एकेरी (एकाच दिशेने ओढणारा) असेल तर नट उलटा फिरवून पूर्ण बाहेर काढा. आटे पुसा, ग्रीसचा एक ठिपका लावा. सहा वर्षांत गंज चढला असणार. नट शेवटच्या आट्यापर्यंत पोहोचला असेल तर खाली एखादा वायसर घाला (हा आयडी नव्हे, खरा), म्हणजे पुढे जागा मिळेल. दुहेरी रॉडचा नट मात्र बहुधा सळईला जोडलेला असतो. तो बाहेर येत नसेल तर ओढायचा नाही.

मिरजेचा_भाचा
अवांतर प्रश्न. ही सळई काढली कोणी? पूर्वी नव्हतीच का?

त्रैराशिक
गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यूला १९२३ साली फिरवता येणाऱ्या सळईचं पेटंट मिळालं. गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरला मात्र सुरुवातीला वाटलं की मेपल एवढं कडक आहे की सळई कशाला. १९५० च्या पहिल्या एस्क्वायर गिटारी सळईशिवाय निघाल्या, नेका वाकल्या आणि बदलून द्याव्या लागल्या. १९५१ ला त्याची प्रिसिजन बास आली तोवर शहाणपण आलं होतं. बासची तार ३४ इंच, नेक लांब, ताण जास्त. तिथे सळई नसती तर खर्जातल्याचा धागा ७० वर्षं आधी निघाला असता.

पावशेर
इरादा नेक होता, नेक मात्र वाकली.

रंधा_पटाशी
पावशेर, तुम्हाला क्लॅम्प लावायला हवा.

खर्जातला
तीन आठवड्यांनी लिहितोय, माफी.

बरोबर मापाची की मिळवली (३/१६ इंच, अखेर लोहार चाळीत). उलट्या बाजूला फिरवल्यावर नट कुरकुरत सुटला. एकेरी रॉड निघाला. आटे तांबूस झाले होते, जुन्या टूथब्रशने घासले, ग्रीस लावलं, एक पातळ वायसर घातला. मग काकांची पद्धत. पाइप खिडकीवाल्याकडून, क्लॅम्प शेजारच्या सुताराकडून. बायकोने विचारलं, हे ऑपरेशन डायनिंग टेबलावरच करायला हवं का.

क्लॅम्प लावून नेक सरळ केली आणि नट बोटाने फिरावा तसा फिरला! कीने फक्त शेवटचा अर्धा आटा. एक रात्र तशीच ठेवली. तारा नवीन चढवल्या, सुरात लावलं, १.१ मिमी. नंतर दर दोन दिवसांनी पाव आटा. चौथ्या खेपेला ०.३५ वर थांबलो. बाराव्यावर उंची २.६ मिमी. @त्रैराशिक, साष्टांग नमस्कार.

एक उरलं. सतराव्या फ्रेटनंतर सगळ्यात बारीक तार खडखडते.

चौथी_तार
अभिनंदन! ते सतराव्याचं वेगळं आहे. नेक बॉडीला जिथे बसते तिथे शेपटाकडचा भाग वर उचललेला असतो. तिथे सळईची सत्ता चालत नाही, कितीही फिरवलंत तरी. शेवटचे चार-पाच फ्रेट जाणकाराकडून घासून घ्या किंवा त्या तारेचं सॅडल थोडं वर करा. त्यासाठी सळईला हात लावलात तर इथे येऊन ओरडेन.

खर्जातला
सॅडल वर केलं, अर्धी फेरी. खडखड गेली. सतराव्याच्या पुढे मी ऑर्केस्ट्रात कधी गेलोच नव्हतो म्हणा.

मडगांवकार
वही घाला केसमध्ये. पहिली नोंद आजची.

नवा_गडी
धागा वर काढतोय. जुलै चालू आहे. माझीही फट ०.३ वरून ०.७ झाली, आठ दिवसांत. लगेच फिरवू का?

मडगांवकार
वाजवायला त्रास होतोय का? नसेल तर थांब बाबा. पावसाळाभर तिच्या मागे धावलास तर ऑक्टोबरात उलटं धावावं लागेल. आधी लिहून ठेव.

खर्जातला
माझी ०.५ वर आहे. हात लावला नाही. नुसती नोंद केली.

पावशेर
ते सगळं ठीक. नेक सरळ झाली, खडखड गेली, वही झाली. आता रेकॉर्डिंग टाका की राव.

खर्जातला
त्याचीच पंचाईत झाली आहे. अंगण आता सरळ आहे.